१०१ला काय सांगायचं आणि बंब येण्याआधी सोसायटीनं काय करून ठेवायचं

धायरीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे अकरा मजली चार इमारती आहेत. मध्यंतरी सातव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात कढईतल्या तेलानं पेट घेतला. अग्निशमन दलाची गाडी आली, आग विझली, कुणाला इजा झाली नाही. पण गाडी गेटपाशी पोहोचल्यापासून जवान सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत जो गोंधळ झाला, त्यानं ते अस्वस्थ आहेत. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: फोनवर नेमकं काय सांगायचं, कुठल्या कामासाठी अग्निशमन दलाला बोलवणं योग्य, आणि जवळच्या केंद्राशी सोसायटीनं एरवी काही संबंध ठेवावा का.

मी पुण्याच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो, पुढे तांडेल (फायरमनच्या वरचं पद) झालो आणि एका केंद्राची जबाबदारी सांभाळून निवृत्त झालो. माझं उत्तर तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत. ज्या वस्तीची केंद्राशी ओळख असते, तिथून वर्दी (मदतीसाठीचा फोन) नेमकी येते, तिथलं गेट उघडं मिळतं आणि आत कोण अडकलंय हे सांगणारा माणूस खाली उभा असतो. आगीत माणूस वाचतो तो बहुतेक वेळा या तीन गोष्टींमुळे. पाणी मारण्याचं काम त्यानंतरचं.

तरी फोनचं आधी सांगतो, कारण ते आज रात्रीसुद्धा लागू शकतं.

नियंत्रण कक्षात फोन उचलणाऱ्याला पहिल्या काही सेकंदांत एकच निर्णय घ्यायचा असतो: कुठल्या केंद्राची गाडी बाहेर काढायची. म्हणून पत्ता सगळ्यात आधी. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. ‘आग लागलीये, खूप धूर आहे, लवकर या’ एवढं ओरडून सांगतो आणि फोन ठेवतो. पुण्यात यातून होणारा घोळ विचारू नका. आनंदनगर सिंहगड रस्त्यालाही आहे आणि पौड रस्त्यालाही. गणेशनगर एरंडवण्यातही आहे आणि वडगाव शेरीतही. दोन्ही ठिकाणांसाठी निघणारी गाडी वेगळी, रस्ता वेगळा. तेव्हा आधी भाग सांगा, मग रस्ता, मग सोसायटी, विंग आणि मजला. त्यानंतर एक ठळक खूण: शाळा, देऊळ, पेट्रोल पंप, चौक. तुमच्यासारख्या ठिकाणी ‘धायरी फाट्याकडून या’ की ‘नऱ्ह्याच्या बाजूनं या’ हे सांगणंही मोलाचं, कारण चालकाला रस्ता माहीत असला तरी त्या दिवशी कुठली बाजू खोदून ठेवलीय हे तुम्हालाच माहीत असतं.

पत्त्यानंतर काय पेटलंय ते सांगा. घर, मीटरचं पॅनेल, पार्किंगमधली गाडी, भंगाराचं गोदाम, गवत, प्रत्येकाला लागणारं साहित्य वेगळं. मग कोणी अडकलंय का. ‘एक आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, मागच्या खोलीत’ हे एक वाक्य जवानांचा सगळा क्रम बदलून टाकतं. इमारत किती मजल्यांची आहे तेही आवर्जून सांगा. उंच शिडीची गाडी प्रत्येक केंद्रावर नसते. ती दुसरीकडून निघायची असेल तर पहिल्या गाडीबरोबरच निघायला हवी, वीस मिनिटांनी मागवून उपयोग नाही.

समोरचा माणूस ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. प्रश्न विचारले जातायत म्हणून गाडी थांबून राहिली आहे असं समजू नका. बोलणं चालू असतानाच केंद्रावर घंटा झालेली असते. नंतर तोच नंबर मोकळा ठेवा, कारण वर्दीची खात्री करायला किंवा वाटेतून रस्ता विचारायला तुम्हालाच फोन येतो. आणि त्या वेळी तुम्ही नातेवाइकांना बातमी सांगत असाल तर आमचा फोन लागत नाही.

१०१ व्यस्त लागला किंवा लागलाच नाही, तर ११२. रुग्णवाहिका १०८. गॅस सिलिंडर फक्त गळत असेल, पेटला नसेल, तर १९०६ ही तक्रार नोंदवण्याची सेवा आहे, पण घर गॅसनं भरलं असेल तर आधी आम्हालाच कळवा. हद्दीची चिंता तुम्ही करू नका. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), प्रत्येकाची व्यवस्था स्वतंत्र आहे, पण मोठ्या आगीला एकमेकांच्या गाड्या जातात. मार्च २०२१ मध्ये कॅम्पातली फॅशन स्ट्रीट रात्री पेटली, ती जागा कॅन्टोन्मेंटची, पण महापालिकेच्या गाड्या तिथे होत्या. फोन कुठेही लागो, पत्ता सांगा. पुढचं कळवणं त्यांचं काम.

आणखी एक. दुसऱ्या कुणी तरी फोन केला असेलच, असं धरून बसू नका. एका आगीच्या दहा वर्द्या आल्या तरी नियंत्रण कक्षाला त्रास होत नाही, उलट दहा बाजूंनी माहिती मिळते. आपल्याच जिल्ह्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला डोंगर खचला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकाकडून. नेहमीच्या वाटेवर नेहमीचं गाव दिसेना, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कळवलं. रोज तिथून जाणाऱ्या माणसालाच बदल दिसतो. तुमच्याकडचा दूधवाला, कचरा नेणारी ताई, रात्रीचा वॉचमन ही माणसं तुमच्याआधी धूर पाहणार आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये १०१ आहे का आणि सोसायटीचा पूर्ण पत्ता त्यांना न अडखळता सांगता येतो का, हे एकदा विचारून बघा. वॉचमन बहुधा परराज्यातून आलेला असतो. त्याच्या केबिनमध्ये पत्ता आणि खूण मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून लावा, म्हणजे घाबरला तरी त्याला वाचून सांगता येईल.

आता कशासाठी बोलवायचं. लोकांना वाटतं आम्ही आगीचेच. पुण्यात आमच्या दिवसातला मोठा भाग आगीशिवायचा असतो. जून-जुलैत झाडपडी, पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या भिंती कोसळणं, लिफ्टमध्ये अडकलेले लोक, आतून कडी लागून एकटं राहिलेलं लहान मूल, गॅसवर दूध आणि दाराबाहेर आई, विहिरीत पडलेलं जनावर, मांजात अडकून झाडावर लटकलेली घार, रस्त्यावर ऑइल सांडून घसरणाऱ्या दुचाक्या. यातल्या शेवटच्या वर्दीला काही जणांना फोन करायचा संकोच वाटतो. करू नका संकोच. पावसाळ्यात चौकातल्या ऑइलवर वेळेत माती टाकली आणि पाणी मारलं तर कुणाचा तरी जीव वाचतो. आग आणि माणसाचा जीव यांसाठी पैसे आकारले जात नाहीत, हेही स्पष्ट सांगतो, कारण बिल येईल या भीतीनं लोक स्वतःच विझवत बसतात आणि वेळ घालवतात.

आग तुम्हीच विझवली तरी कळवा. पंख्याच्या वायरिंगमधली किंवा गादीतली आग विझली असं वाटतं आणि तासाभरानं पुन्हा धुमसते. जवान येऊन पाहतील, कुलिंग करतील, मीटर आणि गॅस तपासतील. विम्यासाठी आगीचा दाखला लागतो, तोही वर्दी नोंदलेली असली तरच सहज मिळतो. ज्या कामात कुणाचा जीव अडकलेला नाही, उदाहरणार्थ किल्ली हरवलीय आणि आत कोणी नाही, तिथे मात्र किल्लीवाल्याला बोलवा. ती गाडी तुमच्या दारात असताना पलीकडे खरी वर्दी येऊ शकते. गंमत म्हणून खोटा फोन करणाऱ्यांबद्दल मला फक्त इतकंच सांगायचंय की अशा वर्दीलाही गाडी पूर्ण वेगात, गर्दीतून, जवानांचा जीव पणाला लावूनच जाते.

तुमच्या स्वयंपाकघराच्या आगीबद्दल थोडं. तेल पेटलं की पाणी टाकायचं नाही. पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ १,७०० पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद, कढईवर झाकण किंवा परात सरकवायची आणि ती गार होईपर्यंत उघडायची नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. नळीनं येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो वर चढतो. वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, एक्झॉस्ट फॅनच्याही नाही. खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर किंवा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बाहेर पडायचं. पेटलेल्या घरातून बाहेर पडताना दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. उघड्या दारातून आलेला धूर जिना भरतो आणि मग वरच्या चार मजल्यांची सुटका अवघड होते. माणसं जळून मरण्याआधी धुरानं मरतात. म्हणून धुरात वाकून, जमिनीजवळून चालायचं आणि लिफ्ट वापरायची नाही.

आता मुख्य विषय. गाडी केंद्रातून निघते तेव्हाचा वेळ सगळे मोजतात, वर्तमानपत्रंही तोच छापतात. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो गेटपासून ज्वाळेपर्यंत. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये काय होतं ते बघा. गेट अर्धं उघडं आणि दुसऱ्या फळीला कुलूप. वॉचमनकडे किल्ली नाही. आत रस्ता आराखड्यात सहा मीटरचा आणि दोन्ही बाजूंनी चारचाक्या लावल्यामुळे उरलेला तीनचा. वर आडव्या केबल, त्यात शिडीची गाडी अडकते. पेव्हर ब्लॉक घातलेल्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या स्लॅबवर, एवढ्या वजनाची गाडी चढवायची की नाही हे सांगणारं कुणी नाही. विंगचं नाव दिसत नाही, कारण ते सणाच्या बॅनरमागे गेलंय. जवान पाठीवर बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं यंत्र), हातात होज (पाण्याचा पाइप) आणि ब्रँच (त्याचं तोंड) घेऊन चुकीच्या जिन्यानं चार मजले चढतात आणि परत उतरतात.

यातलं एकही काम आमच्या हातात नाही. सगळी तुमच्या हातात आहेत आणि बहुतेकांना खर्च नाही. पार्किंगमध्ये गाडीचा मार्ग पिवळ्या पट्ट्यांनी आखा आणि तिथे गाडी लावणाऱ्याला दंड करा, मग तो कमिटीतला असला तरी. केबलवाल्यांना तारा वर घ्यायला लावा. विंगची अक्षरं दोन्ही बाजूंनी, रात्री दिसतील अशी लावा. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर त्याची किल्ली वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत हवी. जिन्यातली चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या हलवा. अंधारात, धुरात, गुडघ्यावर चालणाऱ्या माणसाला त्या कुंडीचा काय अर्थ होतो हे मी अनेकदा पाहिलंय.

पेठांमध्ये अडचण निराळी आहे. रविवार पेठ, बोहरी आळी, तुळशीबाग, भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, इथे बोळात मोठी गाडी शिरतच नाही. होज साधारण १५ मीटरचा एक, असे एकाला एक जोडत आत न्यावे लागतात. तिथले दुकानदार वर्षानुवर्षं आम्हाला ओळखतात आणि त्याचा उपयोग होतो. कुठल्या वाड्याला मागून वाट आहे, कुठल्या दुकानाच्या माळ्यावर माल कोंबलाय, कुठली भिंत पावसात फुगलीय, हे त्यांना तोंडपाठ असतं. नव्या उपनगरात उंच इमारती आणि रुंद गेटं आहेत, पण शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते कुणाला माहीत नसतं. माझ्या मते अग्निशमनाच्या दृष्टीनं आजचं जास्त धोक्याचं पुणे हे दुसरं आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तुमची धायरी त्या पहिल्या अकरांतली. इमारती भराभर उभ्या राहिल्या. केंद्रं, गाड्या, माणसं त्या वेगानं वाढली नाहीत. म्हणजे तुमच्याकडे पहिली गाडी येईपर्यंतची मिनिटं तुमची तुम्हालाच सांभाळायची आहेत आणि ती सांभाळायला तुमच्या इमारतीत यंत्रणा बसवलेली आहे. ती चालते का हा प्रश्न.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ सांगतो की इमारतीतली यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि तिथे राहणाऱ्यांची जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून तसं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यायचं असतं. बऱ्याच सोसायट्यांत हा कागद एजन्सी परस्पर आणून देते आणि कमिटी सही करून फायलीला लावते. पंपाच्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही. मी पाहिलेल्या इमारतींत पंप ‘ऑटो’ऐवजी ‘ऑफ’वर ठेवलेला असे, कारण मध्येच सुरू होऊन आवाज होतो अशी तळमजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार. आगीसाठीची टाकी अर्धी रिकामी, कारण उन्हाळ्यात पाणी कमी पडलं म्हणून तिचं पाणी वापरलं. मजल्यावरच्या पेटीतली पितळी ब्रँच चोरीला गेलेली. चोवीस मीटरवरचा आसऱ्याचा मजला, म्हणजे आगीत रहिवाशांनी थांबायची मोकळी जागा, म्हणून सोडलेल्या जागेत टेबल टेनिसचं टेबल आणि लग्नाचं सामान.

एजन्सीचा माणूस येईल त्या दिवशी कमिटीतले दोघं त्याच्याबरोबर राहा. सगळ्यात वरच्या मजल्यावर होज उघडून पाणी किती जोरात येतं ते स्वतः बघा. त्यानंतरच सही करा. आणि तोच होज कसा उलगडायचा हे प्रत्येक मजल्यावरच्या दोघांना तरी हाताला लावून शिकवा. पेटीची काच फोडून होज ओढला आणि त्याला व्हॉल्व्ह कुठला हे माहीत नाही, अशी माणसं मी बघितलीत, धडपडणारी, चांगली माणसं.

आता केंद्राशी संबंधाचं. केंद्रावर या. दारं बंद नसतात. जवान ड्युटीवर असतात, सकाळी साधनांची तपासणी आणि कवायत असते, ती संपल्यावर किंवा दुपारी आधी विचारून आलात तर केंद्रप्रमुख भेटतात. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात आगीशी लढताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. त्या आठवड्यात शाळा, सोसायट्या, कारखान्यांत प्रात्यक्षिकं होतात. मुलांना तेव्हा घेऊन या. लहानपणी बंबावर बसलेली, हेल्मेट घालून पाहिलेली पोरं मोठेपणी सायरन ऐकून गाडी बाजूला घेतात, हे मी खात्रीनं सांगू शकतो. मोठ्यांसाठी कायदाही आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात आपत्कालीन गाडीला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची किंवा कैदेचीही तरतूद आहे. पण सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता कायद्यानं वाट होत नाही. पुढच्या दुचाकीवाल्यानं डावीकडे घेतलं की मागच्या दहांना कळतं आणि वाट होते.

गणेश मंडळांबद्दल मला मनापासून लिहायचंय. पुण्यात अग्निशमन दलाचा सगळ्यात जवळचा सोबती कोण असं विचाराल तर मी मंडळाचे कार्यकर्ते म्हणेन. वाड्याची भिंत पडली की आमच्या आधी तेच ढिगाऱ्याजवळ असतात. कुठल्या खोलीत कोण झोपतं, कोण गावाला गेलंय, कोणाचा मुलगा रात्रपाळीला आहे, हे ते सांगतात आणि आम्ही नेमक्या जागी खणतो. गर्दी मागे सारायला, रस्ता मोकळा ठेवायला पोलीस येईपर्यंत तेच असतात. विसर्जनाच्या दिवशी घाटावर जवानांबरोबर पोहणारे स्थानिक तरुण नसते तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. त्याच कार्यकर्त्यांना माझी विनंती असते की मांडव घालताना बंब जाईल एवढी जागा खरोखर सोडा, कमानीची उंची मोजा आणि सजावटीचं वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. परवानगीच्या अर्जात जागा दाखवायची आणि दहा दिवसांत तिथे स्टॉल उभे राहायचे, हे नेहमीचं झालंय आणि ते थांबलं पाहिजे.

कोण कुठे झोपतं ही माहिती किती मोलाची असते, हे गेल्या काही वर्षांनी फार कठोरपणे दाखवलंय. ९ मे २०१९ ला उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत पाच कामगार झोपलेले आणि दाराला बाहेरून कुलूप. पाचही जण गेले. त्याच वर्षी २९ जूनला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जीव गेले. ३० ऑगस्ट २०२३ ला चिखलीत पूर्णानगरला दुकानातच राहणारं चार जणांचं कुटुंब पहाटेच्या आगीत संपलं. तिन्ही ठिकाणी माणसं अशा जागी झोपली होती जी झोपण्यासाठी नव्हती. तुमच्या सोसायटीच्या खाली दुकानं असतील, मागे बांधकाम चालू असेल, तर रात्री तिथे कोण राहतं ते शोधा. बाहेरून कुलूप लावत असतील तर आजच थांबवा. भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्या असतील तर त्या हलवायला लावा. आणि हे केंद्राला सांगा. तक्रार करायची म्हणून नव्हे, रात्री तीन वाजता वर्दी आली तर शटर आधी तोडायचं की पाणी आधी मारायचं हे जवानांना ठरवता यावं म्हणून.

पुराचंही हेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पाण्यानं आणि २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत शिरलेल्या पाण्यानं दाखवून दिलं की तळमजल्यावर आजारी माणूस कुठे आहे हे शेजाऱ्यांना माहीत असेल तर बोट थेट त्या दाराला लागते. माहीत नसेल तर प्रत्येक दार वाजवत फिरावं लागतं. तुमची सोसायटी उंचावर असेल, पण यादी करायला काय हरकत आहे? कोणाकडे ऑक्सिजनचं यंत्र आहे, कोण चालू शकत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कुणाची मुलं शाळेतून आल्यावर आई-बाबा येईपर्यंत एकटी असतात. लोकांना विचारून, त्यांच्या परवानगीनं करा आणि दर सहा महिन्यांनी नवी करा. भाडेकरू बदलतात.

आणि गर्दी. आग बघायला जमणारे लोक वाईट नसतात, काळजीनं येतात. पण ते उभे राहतात नेमके जिथून होज न्यायचा तिथे, आणि व्हिडिओ काढायला पुढे सरकतात. खड्ड्यात किंवा ढिगाऱ्यात माणूस अडकलेला असताना काठावरचं प्रत्येक वजन माती सरकवतं. १ डिसेंबर २०१९ ला दापोडीत खड्ड्यात अडकलेल्या मजुराला काढायला उतरलेल्या पिंपरी-चिंचवडच्या जवानांवर माती पुन्हा कोसळली. मजूर गेला, आमचा एक जवानही गेला. तेव्हापासून मी प्रत्येक प्रात्यक्षिकात लोकांना हात जोडून सांगतो: काठापासून लांब राहा. मदत करायची असेल तर कोपऱ्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवा, महावितरणला फोन करून वीज बंद करायला सांगा, वरच्या मजल्यावरून खाली आलेल्यांची मोजणी करा. मोजणीचं काम सगळ्यात कमी जण करतात आणि जवानांचा पहिला प्रश्न तोच असतो: सगळे बाहेर आलेत का?

तुमच्या सोसायटीसाठी मी असं सुचवेन. जवळच्या केंद्राच्या केंद्रप्रमुखांना सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र द्या. पत्राला इमारतींचा साधा नकाशा जोडा: गेटं, गाडी कुठपर्यंत येऊ शकते, पाण्याच्या टाक्या, पंपाची खोली, वीज बंद करायची जागा, दोन्ही जिने. त्याचीच एक प्रत गेटवरच्या केबिनमध्ये लॅमिनेट करून ठेवा, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर. पत्रात मॉक ड्रिलची विनंती करा. ड्रिल रविवारी सकाळी अकराला ठेवू नका, तेव्हा सगळे हुशार असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी ठेवा, जेव्हा घरात फक्त ज्येष्ठ मंडळी, लहान मुलं आणि कामाला येणाऱ्या ताई असतात, कारण खरी आग लागली तर बऱ्याचदा घरात हेच लोक असतात. कामवाल्या ताईंना ड्रिलमध्ये आवर्जून घ्या, स्वयंपाकघरात त्याच असतात. दिवाळीआधी दुसरं छोटं ड्रिल करा आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, जुन्या गाद्या, पुठ्ठे आत घ्यायला लावा. त्या रात्री रॉकेट बाल्कनीत शिरून लागलेल्या आगींच्या वर्द्या दर वर्षी येतात आणि त्यातली बरीच घरं कुलूपबंद असतात. बाहेरगावी जाणाऱ्यांनी किल्ली शेजारी ठेवली असेल तर ती कुणाकडे आहे हे वॉचमनच्या वहीत लिहिलेलं असू द्या.